विद्यार्थी भीमराव आंबेडकर

शालान्त परीक्षा देऊन महाविद्यालयाच्या उंबरठ्यावर उभ्या राहिलेल्या आमच्या वाचकांच्या मनात दोन शंका हटकून असतात. आपली बुद्धी तेथे पुरी पडेल काय, ही एक. आणि घरची परिस्थिती शेवटपर्यंत साथ देईल काय, ही दुसरी. या शंकांचे समाधान कोरड्या उपदेशाने करण्यापेक्षा एका थोर पुरुषाच्या चरित्राने करावे, असे आम्हांस वाटते. डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांस राज्यघटनेचे शिल्पकार म्हणून सारे जग ओळखते. परंतु येथे आम्ही त्यांच्या विद्यार्थिदशेचेच अवलोकन करणार आहोत. कारण ती कथा मुंबई, न्यूयॉर्क व लंडन अशी फिरून अखेर आपल्याच नगरीत येऊन पोहोचते.

भीमरावांचा जन्म 14 एप्रिल 1891 रोजी महू येथील लष्करी छावणीत झाला. वडील सुभेदार रामजी हे विद्येचे मोठे भोक्ते होते. साताऱ्याच्या शाळेत या मुलास इतरांपासून वेगळे, घरून आणलेल्या गोणपाटावर बसावे लागे. आणि शाळेचा शिपाई हजर नसेल तर तहान तशीच मारावी लागे. पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात संस्कृत शिकण्याची इच्छा असूनही अस्पृश्यतेमुळे ती भाषा त्यांस मिळाली नाही व फारशी घ्यावी लागली.

परळच्या ज्या चाळीत हे कुटुंब राहत असे तेथे एकच खोली होती. स्वयंपाक, सामान आणि माणसे यांच्या गर्दीत पुस्तक उघडावयाचे तरी कोठे? यावर सुभेदारांनी एक तोड काढली. मुलाने सायंकाळी लवकर निजावे आणि रात्री दोनच्या सुमारास वडिलांनी त्यास उठवावे, असा क्रम ठरला. सारे घर निद्रिस्त असता चिमणीच्या मंद उजेडात भीमराव वाचीत बसत. जागा मिळणे शक्य नव्हते, म्हणून पितापुत्रांनी वेळ निर्माण केली. मॅट्रिकच्या परीक्षेत त्यांस 750 पैकी 282 गुण मिळाले. हा आकडा आम्ही मुद्दाम देत आहो. कमी गुण पडले म्हणून ज्यांचे धैर्य खचते, त्यांनी तो ध्यानात ठेवावा.

एल्फिन्स्टन महाविद्यालयातील शिक्षण पैशाअभावी अर्ध्यावरच थांबण्याची वेळ आली, तेव्हा कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्यांची गाठ बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याशी घालून दिली. महाराजांनी दरमहा 25 रुपयांची शिष्यवृत्ती दिली. प्राध्यापक म्यूलर यांनी पुस्तके व कपडे पुरविले. इकडे महाविद्यालयाच्या उपाहारगृहाचा चालक मात्र त्यांस पाणीही देत नसे. अपमानाने विद्या सोडावयाची नाही आणि साहाय्य घेण्यास लाजावयाचे नाही, हे दोन्ही धडे त्यांनी येथेच गिरविले असावेत, असे आम्हांस वाटते.

पदवी मिळते न मिळते तोच, फेब्रुवारी 1913 मध्ये, रात्री दोनला उठविणारे ते वडील निवर्तले. त्याच वर्षी बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर भीमराव न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तेथे शिवाशिव नव्हती आणि विस्तीर्ण ग्रंथालय दिवसभर खुले होते. परळच्या खोलीत जे मिळाले नव्हते ते येथे मिळाले, आणि भीमरावांनी त्याचे सोने केले. सेलिग्मन व ड्यूई यांच्यासारख्या विद्वानांच्या हाताखाली अध्ययन करून 1915 साली त्यांनी एम.ए. पदवी संपादन केली. पोटाला चिमटा घेऊन त्यांनी तेथे सुमारे दोन हजार ग्रंथ जमविले.

1916 साली ते लंडनला गेले. अर्थशास्त्राचा व कायद्याचा अभ्यास नुकता सुरू झाला होता, तोच शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि 1917 साली त्यांस परतावे लागले. महायुद्धाचे ते दिवस! त्यांचे सामान ज्या जहाजात होते ते पाणतीराने बुडाले व बरेच ग्रंथ समुद्रार्पण झाले. बडोद्यास नोकरीवर रुजू झाले, तर राहावयास घर मिळेना. निघण्यापूर्वी चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी मात्र त्यांनी लंडन विद्यापीठाकडून घेऊन ठेविली होती. दुसरा कोणी असता तर ती परवानगी एक शोभेचा कागद होऊन राहिली असती. भीमरावांनी सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करीत चाळीतच राहून पैसा साठविला. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली. मित्र नवल भथेना यांनी पाच हजार रुपये कर्जाऊ दिले. आणि 1920 साली ते पुन्हा लंडनला पोहोचले. मागे तुटपुंज्या पैशात संसार रेटणाऱ्या पत्नी रमाबाई यांच्या कष्टांची नोंद कोणत्याही पदवीपत्रावर नाही. तथापि त्या कष्टांवाचून ही पदवी घडली नसती.

लंडनमध्ये सकाळी अल्पसा नाश्ता करून ते ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात जात व ते बंद होईपर्यंत वाचीत. रात्री भूक लागली म्हणजे भाजलेल्या पापडांवर भागवीत. त्यांनी रुपयाच्या प्रश्नावर लिहिलेला प्रबंध परीक्षकांस रुचला नाही व तो पुन्हा लिहावा लागला. जवळचे पैसे संपल्यामुळे 1923 साली ते मुंबईस परतले, येथून सुधारलेला प्रबंध धाडला आणि त्याच वर्षी डी.एस्सी. ही पदवी मिळविली. अडलेला अभ्यास त्यांनी कधी सोडिला म्हणून नाही.

आता आपल्या भागाकडे वळू. 1934 साली वेरूळची लेणी पाहण्यास निघालेले डॉ. आंबेडकर व त्यांचे सोबती वाटेत दौलताबादच्या किल्ल्यापाशी थांबले. प्रवासाची धूळ धुण्यासाठी त्यांनी तेथील हौदाचे पाणी घेतले, तो पाणी बाटविल्याचा आरोप करीत लोक जमले. पुढे किल्ला पाहू दिला. पण कोठे पाण्यास स्पर्श होऊ नये म्हणून बरोबर शिपाई देण्यात आला. दोन जगप्रसिद्ध विद्यापीठांचा पदवीधर, आणि ओंजळभर पाण्यासाठी ही अवहेलना!

या भूमीविषयी त्यांच्या मनात कटुता राहिली असती तर नवल नव्हते. परंतु त्यांनी जे केले ते आमच्या डोळ्यांसमोर उभे आहे. निजामी राजवटीत मराठवाड्यात उच्च शिक्षणाची सोय अत्यल्प होती. पदवीसाठी हैदराबाद गाठावे लागे आणि तेथील उस्मानिया विद्यापीठात उर्दूतून शिकावे लागे. खेड्यातील गरीब मुलास हे कोठून साधणार? 1945 साली स्थापिलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या वतीने डॉ. आंबेडकरांनी 1950 साली औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, महाविद्यालय सुरू केले. त्या वेळी ते देशाचे कायदेमंत्री होते, तरी येथील कामाकडे जातीने लक्ष पुरवीत. 1 सप्टेंबर 1951 रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते कोनशिला बसविण्यात आली. भिक्षू नागसेनास प्रश्नांमागून प्रश्न विचारणाऱ्या मिलिंद राजाचे नाव महाविद्यालयास आणि उत्तरे देणाऱ्या नागसेनाचे नाव परिसरास मिळाले. विद्यार्थ्याने प्रश्न विचारलाच पाहिजे, हा बोध त्या नावांतच आहे.

तेथे वर्गांबरोबर वसतिगृह व ग्रंथालयही झाले. निजावयास जागा, वाचावयास दिवा आणि हाताशी पुस्तक! परळच्या खोलीतील मुलास जे जे हवे होते, ते ते त्याने प्रौढपणी परक्यांच्या मुलांसाठी उभारून ठेविले. 6 डिसेंबर 1956 रोजी त्यांचे देहावसान झाले.

वाचकहो, आजही बीड, परभणी, जालना येथून आलेली कितीतरी मुले आमच्या नगरीत एकेका खोलीत दाटीवाटीने राहून शिकतात. त्यांतील कोणी उद्या आमचा वाचकही असेल. त्याने आपले गुण मोजीत बसू नये. आपल्या चोवीस तासांतील निवांत घटका कोणती, एवढे शोधून ती रोज पाळावी. अडचण आली तर योग्य माणसापाशी बोलावी. अभ्यास खंडित झाला तर परतण्याची वाट मोकळी ठेवावी. आणि आपले शिक्षण पुरे झाल्यावर मागून येणाऱ्या एखाद्या मुलासाठी एक दिवा लावून ठेवावा. नागसेनवनावरून जाताना एवढे स्मरले तरी हे चरित्र सांगण्याचा आमचा हेतू सफल झाला, असे आम्ही समजू.