पंडिता रमाबाईंचा लहानसा विवाह व त्यानंतरचा प्रवास

चांदूर रेल्वेच्या आसपासच्या खेड्यांतून राहणाऱ्या आपल्या बंधुभगिनींस एक गोष्ट पुरती ठाऊक आहे. ख्रिस्ती कुटुंबात लग्न निघाले की प्रथम दोन चिंता उभ्या राहतात. एक कर्जाची, आणि दुसरी भाऊबंदांची. मांडवात आपले म्हणावेत असे कोणी येतील की नाही, या विचाराने कित्येक आईबापांस झोप येत नाही. म्हणून ज्या विवाहास ना वाजंत्री होती, ना माहेरची माणसे, अशा एका विवाहाची हकीकत आम्ही आज सांगणार आहो. तो विवाह पंडिता रमाबाईंचा होय.

रमाबाईंच्या विवाहाचे महत्त्व कळण्यास त्यांच्या आईचा विवाह अगोदर पाहिला पाहिजे. बाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान ब्राह्मण. पहिली पत्नी वारल्यावर ते यात्रेस निघाले असता गोदावरीच्या तीरी त्यांची एका यात्रेकरू गृहस्थाशी गाठ पडली. त्या गृहस्थाबरोबर त्याची नऊ वर्षांची मुलगी होती. शास्त्रीबोवांचे कुलगोत्र विचारून त्याने दुसऱ्याच दिवशी तिचे लग्न त्यांच्याशी लावले, आणि तो आपल्या वाटेने निघून गेला. वराचे वय तेव्हा चाळिशीच्या पुढे होते. ती पोर त्या अनोळखी पुरुषाबरोबर शेकडो मैल दूर गेली. हेही लग्न लहानच होते. परंतु त्यात वधूस कोणी काही विचारले नाही. देवाची दया अशी की, तिला पती भला मिळाला. लोकांचा रोष पत्करून त्यांनी तिला संस्कृत शिकविले, व त्यासाठी पश्चिम घाटातील गंगामूळ येथील अरण्यात जाऊन राहिले. तेथेच इ. स. 1858 मध्ये रमाबाईंचा जन्म झाला. पुढे त्याच मातेने रमाबाईंस संस्कृत पढविले.

थोरल्या मुलीचे बालपणी केलेले लग्न दुःखदायक ठरल्यामुळे अनंतशास्त्र्यांनी रमाबाईंचे लग्न लहानपणी केले नाही. सारे कुटुंब पुराणे सांगत तीर्थोतीर्थी हिंडत असे. दुष्काळात 1874 साली आईबाप गेले. मागाहून थोरली बहीण गेली. रमाबाई व त्यांचे वडील बंधू श्रीनिवास ही दोघे हजारो मैल पायी हिंडून 1878 साली कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी त्यांची परीक्षा घेऊन त्यांस पंडिता व सरस्वती ही नावे दिली. परंतु हा मान फार दिवस निर्वेध राहिला नाही. 1880 साली डाक्का येथे श्रीनिवासही वारले. ज्या कुटुंबाबरोबर बाई वाढल्या व हिंडल्या, त्यांपैकी आता एकही माणूस उरले नाही.

त्याच वर्षी बाईंनी बाबू बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह केला. हे गृहस्थ बंगाली, वकील, कलकत्त्याच्या विद्यापीठाचे पदवीधर, व त्या काळी शूद्र गणलेल्या जातीचे होते. वधू चित्पावन ब्राह्मण. भाषा निराळी, प्रांत निराळा, जात निराळी. उभयतांचाही हिंदु धर्मावर विश्वास उरला नव्हता, आणि ख्रिस्ती धर्मावर तर बसलाच नव्हता. म्हणून पाटण्याजवळ बांकीपूर येथे सरकारी कायद्याने त्यांनी लग्न लाविले. 1872 चा तो कायदा असा होता की, चौदा दिवस आधी नोटीस द्यावी, आणि मग नोंदणी कामगार व तीन साक्षी यांच्यासमक्ष वधूवरांनी परस्परांस पती व पत्नी म्हणून पत्करावे. अंतरपाट नाही, हुंडा नाही, जेवणावळ नाही. आईच्या लग्नात जी गोष्ट नव्हती, ती मात्र येथे होती. बावीस वर्षांच्या वधूने स्वतःच्या तोंडाने होकार दिला होता.

ज्यास हल्ली मधुचंद्र म्हणतात तसा सुखाचा फेरफटका या दांपत्याच्या वाट्यास आला नाही. त्यांचा प्रवास संसारास जाण्याचा होता. बाबूंची वकिली आसामातील काचार जिल्ह्यात सिलचर येथे चाले. तेथपर्यंत त्या वेळी आगगाडी गेली नव्हती. बंगालचा सखल मुलूख ओलांडून, मोठमोठ्या नद्यांच्या पाण्यावरून त्या चहाच्या मळ्यांच्या प्रदेशात जावे लागे. बाईंनी आजवर काश्मीरापासून दक्षिणेपर्यंत प्रवास केला होता. परंतु त्या सर्व वाटा धर्मशाळेत नाहीतर देवळाच्या ओट्यावर संपत. ही पहिलीच वाट स्वतःच्या घराच्या दाराशी संपली.

त्या घरात ग्रंथसंग्रह होता. एके दिवशी त्यात बाईंस बंगाली भाषेतील लूकाच्या शुभवर्तमानाचे लहानसे पुस्तक सापडले. ते तेथे कसे आले हे बाईंसही कळले नाही. त्यांनी ते आवडीने वाचले. सिलचर येथील बाप्टिस्ट मिशनरी रे. ॲलन हे घरी येऊन त्यांस उत्पत्तीचा पहिला अध्याय समजावून देऊ लागले. बाईंच्या मनात बाप्तिस्म्याची इच्छा उत्पन्न झाली; तेव्हा घरात वाद उपस्थित झाला. बाबू मिशन शाळेत शिकलेले होते, शास्त्र त्यांस माहीत होते, परंतु तुच्छ मानलेल्या ख्रिस्ती समाजात आपल्या पत्नीने उघडपणे जावे हे त्यांस खपेना. ते रागावले, व मिशनरी साहेबांस घरी येण्याची मनाई करण्याचे बोलू लागले. वाचकहो, जातीबाहेरचे लग्न करण्याचे धैर्य ज्याने दाखविले, तोच पुरुष येथे कचरला. आपल्या मंडळ्यांतील पुष्कळ भगिनींस हा प्रसंग अनोळखी वाटणार नाही.

1881 साली कन्या मनोरमा जन्मली. हा वाद पुढे कोठवर गेला असता हे कोणी सांगू शकत नाही. कारण 4 फेब्रुवारी 1882 रोजी पटकीच्या विकाराने बाबूंचा अंत झाला. दोन वर्षेही न भरलेला संसार आटोपला. तान्ही मुलगी कडेवर घेऊन बाई महाराष्ट्रात परतल्या. 1883 साली इंग्लंडात वाँटेज येथे मायलेकींनी बाप्तिस्मा घेतला. 1889 साली मुंबईस शारदासदन निघाले. केडगावास मुक्तिसदन उभे राहिले, व दुष्काळात शेकडो निराश्रित मुलींस व विधवांस तेथे आश्रय मिळाला. मनोरमाबाई आईच्या उजव्या हात झाल्या. त्या 1921 साली वारल्या, आणि 5 एप्रिल 1922 रोजी पंडिताबाईही प्रभूजवळ गेल्या.

या हकीकतीवरून आम्हांस असे दिसते की, लग्नाचा मोठेपणा मांडवात बसलेल्या माणसांवरून मोजता येत नाही. परक्या देशची विधवा रूथ हिच्या लग्नाचे साक्षीदार वेशीत बसलेले दहा वडील होते; तिच्या माहेरचे तेथे कोणी असल्याचे शास्त्रात लिहिलेले नाही. तरी त्या घराण्यातून दावीद राजा झाला. म्हणून ज्यांचे भाऊबंद फिरकत नाहीत अशा वधूवरांनी खिन्न होऊ नये, व त्यांच्या आईबापांनी लोकांस दाखविण्यासाठी सावकाराच्या दारी जाऊ नये. उपदेशक बंधूंनी मात्र एक गोष्ट अवश्य करावी. लग्न ठरविण्यापूर्वी मुलीस एकांती विचारावे, आणि तिचे उत्तर ऐकण्यास थांबावे. गोदातीरी त्या नऊ वर्षांच्या पोरीस कोणी विचारले नाही. तिच्या लेकीने होकार स्वतः दिला, आणि तो अल्पकाळ टिकलेला संसारही बाईंनी अखेरपर्यंत आपलाच मानला.