गैरहजर सूत्रधार

चित्रप्रदर्शनात हात पाठीशी बांधून भिंतीलगत हळूहळू सरकायचं, ही माझी जुनी खोड. मार्सेल द्युशाँने ती चालू दिली नसती. १९१७ साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनाकडे मुतारीचं भांडं शिल्प म्हणून धाडणारा हा फ्रेंच माणूस पुढे बुद्धिबळात रमला, एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. मला मोह पडतो तो त्याने मांडलेल्या प्रदर्शनांचा.

जानेवारी १९३८, पॅरिस. अतिवास्तववाद्यांच्या प्रदर्शनात त्याने छताला कोळशाची बाराशे पोती टांगली. आत कागद कोंबलेला, पण काळी भुकटी खालच्या पाहुण्यांवर गळायचीच. दालनात अंधार, कॉफी भाजल्याचा वास आणि उद्घाटनाला आलेल्यांच्या हाती विजेऱ्या. चित्र बघायचंय? मग शोधा! नेपथ्य नाटकाचं, आणि रंगमंचावर प्रेक्षकच. सूत्रधार मात्र उद्घाटनाआधीच लंडनला निघून गेला होता.

१९४२ मध्ये न्यूयॉर्कला त्याने दालनभर सुतळीचं जाळं विणलं, वर मुलांना तिथे चेंडू खेळायला लावलं. जाळ्याआड ज्यांची चित्रं होती, ते चित्रकार मनातून चरफडले असणार. त्या संध्याकाळीही हा गैरहजर.

१९६८ साली तो गेला. वीस वर्षं गुपचूप घडवलेली त्याची अखेरची कलाकृती १९६९ मध्ये फिलाडेल्फियाच्या संग्रहालयात खुली झाली. जुनं लाकडी दार, त्याला दोन भोकं. पलीकडे काटक्यांवर पडलेली विवस्त्र स्त्री, हातात पेटता दिवा. एका वेळी एकानेच डोळे लावायचे. मागचा ताटकळत त्याच्या पाठीकडे पाहत राहतो.