मार्कोनी आणि लहरींची गर्दी

सभागृहांत वक्ता बोलत असतां कोणाचा तरी मोबाइल जवळच वाजूं लागतो आणि ध्वनिक्षेपकांतून घरघर ऐकूं येते, हा अनुभव आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस असेल. एका विद्युत्‌यंत्रानें दुसऱ्याच्या कामांत ढवळाढवळ करूं नये, आणि दुसऱ्याची थोडीबहुत ढवळाढवळ झालीच तर ती सोसून आपलें काम चालू ठेवावें, अशी परीक्षा हल्लीं अनेक देशांत यंत्र बाजारांत येण्यापूर्वींच घेतली जाते. ह्या परीक्षेचें मूळ शोधूं गेलें असतां ज्या पुरुषाचें चरित्र पुढें येतें, तो गुल्येल्मो मार्कोनी होय. बिनतारी संदेशाचें श्रेय त्याचें एकट्याचें किती, हा जुना वाद आम्ही येथें उकरून काढीत नाहीं. त्याच्या लहरींनीं इतरांस आणि इतरांच्या लहरींनीं त्यास जो उपद्रव दिला, तेवढाच धागा धरून आम्ही त्याचें आयुष्य सांगणार आहों.

मार्कोनीचा जन्म २५ एप्रिल १८७४ रोजीं इटलींतील बोलोना शहरीं झाला. बाप सधन जमीनदार, आई ॲनी जेम्सन ही आयर्लंडची. विश्वविद्यालयाचें रीतसर शिक्षण त्यास लाभलें नाहीं. हर्ट्‌झ ह्या जर्मन शास्त्रज्ञानें विद्युत्‌लहरींचें अस्तित्व सिद्ध केलें होतें. त्या आधारावर ह्या तरुणानें १८९५ सालीं पोंतेक्यो येथील आपल्या घरीं व सभोंवतालच्या शेतांत प्रयोग केले, आणि मध्यें टेकडी असतांही सुमारें दीड मैलावर खूण पोहोंचविली. पुढील वर्षीं तो आईबरोबर लंडनला गेला. तेथें पोस्टखात्याचे मुख्य इंजिनियर विल्यम प्रीस यांनीं त्याला हात दिला. १८९९ सालीं इंग्लंड व फ्रान्स यांमधील खाडी त्याच्या संदेशांनीं ओलांडली.

त्याच्या यशांतच एक खोड दडलेली होती. त्याचें प्रेषकयंत्र म्हणजे विजेची मोठी ठिणगी. फटाका फुटला म्हणजे त्याला षड्‌ज किंवा पंचम असा स्वर नसतो. तो साऱ्यांच्याच कानांत शिरतो. ठिणगीची लहरही तशीच अनेक लांबींवर पसरते. ग्राहकयंत्रांत धातूच्या किसाची एक काचेची नळी असे. कोणतीही जोरदार लहर आली कीं कीस चिकटून वीज वाहूं लागे. लहर आपली कीं परक्याची, हें त्या नळीला कळत नसे. जोंवर मैदानांत मार्कोनी एकटा होता, तोंवर ही खोड कोणास दिसली नाहीं. १८९९ त न्यूयॉर्कजवळील नौकांच्या शर्यतीची वार्ता त्यानें बिनबोभाट कळविली. १९०१ च्या शर्यतीस मात्र त्याचे दोन प्रतिस्पर्धी आपापल्या ठिणग्या घेऊन हजर झाले, आणि तिघांच्या गोंगाटांत कोणाचेंच नीट कांहीं ऐकूं आलें नाहीं.

ह्या दुखण्यावर तोड नव्हती असें नाहीं. दोन तंबोरे एकाच स्वरांत लावून एकाची तार छेडली तर दुसऱ्याची आपोआप झणत्कारते. निराळ्या स्वरांत लावलेला तिसरा मुका राहतो. ऑलिव्हर लॉज या इंग्रज प्राध्यापकानें १८९७ सालीं ह्याच तत्त्वाचा हक्क नोंदविला, आणि मार्कोनीनें १९०० सालीं ७७७७ क्रमांकाचें आपलें प्रसिद्ध पेटंट मिळविलें. पुढें त्याच्या कंपनीस १९११ त लॉजचें पेटंट विकत घ्यावें लागलें, ही गोष्ट सांगून ठेवणें आम्हांस न्याय्य वाटतें. १२ डिसेंबर १९०१ रोजीं न्यूफाउंडलंडमध्यें त्यानें अटलांटिकपार कॉर्नवॉलहून आलेले तीन ठिपके ऐकले. तो खरोखरच संदेश होता कीं आकाशांतील विजेची खरखर, अशी शंका घेणारे पंडित अजून आहेत.

आपले संदेश इतरांस ऐकूं जात नाहींत व इतरांच्यानें बिघडत नाहींत, असा कंपनीचा दावा होता. त्याची परीक्षा जून १९०३ मध्यें अकस्मात्‌ झाली. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें प्राध्यापक फ्लेमिंग व्याख्यान देत होते. मार्कोनी कॉर्नवॉलमधील पोल्डू केंद्रावर होता, आणि तेथील संदेश श्रोत्यांसमोर उमटावयाचा होता. तों ठरलेल्या वेळेच्या आधींच यंत्र टकटक करूं लागलें. उंदीर ह्या अर्थाचा इंग्रजी शब्द पुनः पुन्हां आला, आणि मागोमाग मार्कोनीची टवाळी करणारें एक कवन. हें कृत्य नेव्हिल मॅस्किलिन नांवाच्या जादूगाराचें होतें. त्यानें जवळच एक साधा प्रेषक मांडला होता. फ्लेमिंग यांनीं टाइम्स पत्रांत संताप व्यक्त केला. मॅस्किलिननें उत्तर दिलें कीं दावा खरा कीं खोटा हें पाहण्याचा दुसरा मार्गच नव्हता. त्याची रीत असभ्य होती, आणि मार्कोनीच्या समुद्रतळींच्या तारांवाल्या प्रतिस्पर्ध्यांनीं त्यास पूर्वीं पैसे देऊन कामास लावलें होतें. तरीही प्रश्न रास्त होता, असें आमचें मत आहे. यंत्राच्या मालकानें घेतलेली परीक्षा आणि परक्यानें घेतलेली परीक्षा, यांतील अंतर त्या दिवशीं दिसलें.

मार्कोनीच्या स्वभावांतील एक दोषही सांगितला पाहिजे. दुसऱ्या कंपनीच्या यंत्राशीं आपल्या ऑपरेटरांनीं बोलूं नये, असा त्याच्या कंपनीचा दंडक होता. तो मोडावा लागला, तो १९०६ च्या बर्लिन येथील करारानें.

१४ एप्रिल १९१२ च्या रात्रीं टायटॅनिक जहाजाचा पंचविशींतला ऑपरेटर फिलिप्स केप रेसच्या दूरच्या केंद्राशीं उतारूंच्या निरोपांची देवघेव करीत होता. इतक्यांत बर्फानें अडून थांबलेल्या कॅलिफोर्नियन जहाजानें त्याची खबर देण्यास आरंभ केला. जहाज जवळ, म्हणून आवाज इतका प्रचंड कीं केप रेसचा क्षीण आवाज पार बुडाला. फिलिप्सनें त्रासून त्यास गप्प बसविलें. पलीकडचा ऑपरेटर कांहीं वेळानें यंत्र बंद करून निजला, आणि ११ वाजून ४० मिनिटांनीं टायटॅनिक हिमनगावर आदळलें. दीड हजारांहून अधिक माणसें बुडालीं. सुमारें सातशें वांचलीं तींही मार्कोनीच्याच यंत्रानें हांक दिली म्हणून. शेवटपर्यंत यंत्रापाशीं राहून मेलेल्या त्या तरुणास आम्ही दोष देत नाहीं. दोन यंत्रांस एकमेकांपासून अलग ठेवणारी व्यवस्था त्याच्या हातीं कोणींच दिली नव्हती.

त्याच वर्षीं ऑगस्टांत अमेरिकेनें कायदा केला. प्रेषकाची लहर शुद्ध व टोंकदार असावी. मुख्य लहरीखेरीज इतर लहरींत निघणारा जोर मुख्य लहरीच्या एकदशांशाहून अधिक नसावा. आणि आंदोलनें ज्या वेगानें मावळतात त्याचा अंक ०.२ च्या वर जाऊं नये, अशीं मापें त्यांत घालून दिलीं होतीं. सरकारी मापनसंस्थेंतील कोल्स्टर यांनीं हा अंक मोजण्याचें उपकरण बनविलें, आणि निरीक्षक तशीं उपकरणें घेऊन जहाजांवर चढूं लागले. विजेच्या यंत्राचा शेजाऱ्यास होणारा त्रास आतां आंकड्यांत मोजला जाऊं लागला. १९२७ त वॉशिंग्टनच्या परिषदेनें ठिणगीचे प्रेषक क्रमाक्रमानें बंद करण्याचें ठरविलें. ज्या यंत्रानें मार्कोनी मोठा झाला, तेंच अशा रीतीनें हद्दपार झालें.

तो स्वतः मात्र मागें राहिला नाहीं. १९०९ सालीं त्यास ब्राउन यांच्याबरोबर नोबेल पारितोषिक मिळालें होतें. १९१२ त मोटारीच्या अपघातांत त्याचा एक डोळा गेला. तरी महायुद्धानंतर तो लघुलहरींच्या मागें लागला. ह्या लहरी झोताप्रमाणें एकाच दिशेस सोडतां येतात. १९२७ सालीं त्याच्या पद्धतीची इंग्लंड-हिंदुस्थान सेवा सुरू झाली, ती आमच्याच महाराष्ट्रांतून. प्रेषक पुण्याजवळ खडकीस, आणि ग्राहक पुण्याच्या पूर्वेस सुमारें ७५ किलोमीटरवर दौंडास. एकाच कंपनीचीं दोन केंद्रें इतकीं लांब कां, असें विचारणारास आतां उत्तर सुचेल. खडकीच्या गर्जनेपुढें विलायतेहून आलेला बारीक आवाज शेजारीं बसून ऐकूं येणें शक्य नव्हतें.

उत्तरायुष्यांत मार्कोनीनें मुसोलिनीची कास धरली, आणि त्याचें समर्थन आमच्यानें करवत नाहीं. २० जुलै १९३७ रोजीं रोम येथें, वयाच्या ६३ व्या वर्षीं, तो वारला. त्याच्या स्मरणार्थ ठिकठिकाणचीं बिनतारी केंद्रें दोन मिनिटें बंद ठेवण्यांत आलीं.