थायरॉईडचं ऑपरेशन ज्याने सुरक्षित केलं, त्याच सर्जनने पेशंट परत बोलावले आणि हादरून गेला

सकाळी उठल्या उठल्या उपाशीपोटी थायरॉईडची छोटी पांढरी गोळी घेणारं कुणी ना कुणी आज प्रत्येकाच्या ओळखीत असतं. आई, काकू, मावशी, ऑफिसमधली मैत्रीण. इतकी साधी गोष्ट झालीये ही की त्यामागे काही इतिहास असेल असं वाटतही नाही.

पण दीडशे वर्षांपूर्वी ही ग्रंथी शरीरात नक्की काय करते हेच डॉक्टरांना माहीत नव्हतं. ते कळलं स्वित्झर्लंडमधल्या एका सर्जनमुळे. आणि कळलं ते त्याच्या यशामुळे नाही, तर त्याच्या हातून झालेल्या चुकीमुळे.

त्या सर्जनचं नाव थिओडोर कोखर. इंग्रजी स्पेलिंग बघून आपण सरळ कोचर वाचून मोकळे होतो, पण जर्मन उच्चार कोखर.

कोखर यांचा जन्म 25 ऑगस्ट 1841 चा, बर्न शहरातला. वडील इंजिनियर, आई अत्यंत धार्मिक. आईचे संस्कार पोरात पुरेपूर उतरले. शिस्त, काटेकोरपणा आणि देवावरची श्रद्धा या तीन गोष्टी त्यांनी आयुष्यभर सोडल्या नाहीत. 1865 मध्ये बर्नमधूनच डॉक्टर झाले आणि मग युरोपातली नावाजलेली हॉस्पिटलं पालथी घातली. बर्लिन, लंडन, पॅरिस, व्हिएन्ना. जिथे चांगला सर्जन तिथे जाऊन बघायचं, शिकायचं, हा एकच कार्यक्रम.

1872 मध्ये बर्न विद्यापीठात सर्जरीच्या प्रोफेसरची जागा रिकामी झाली. मोठमोठी नावं शर्यतीत होती, पण नेमणूक झाली तिशीतल्या कोखर यांची. तिथून पुढे मरेपर्यंत त्यांनी बर्न सोडलं नाही.

आता प्रश्न येतो, हा माणूस थायरॉईडकडेच का वळला?

याचं उत्तर आल्प्सच्या डोंगरात आहे. समुद्रापासून लांब, डोंगराळ भागातल्या माती-पाण्यात आयोडीन कमी असतं. थायरॉईडला हार्मोन तयार करायला आयोडीन लागतं. ते मिळालं नाही की ग्रंथी जास्तीचं काम करायला बघते आणि फुगते. यालाच आपण गलगंड म्हणतो. तेव्हा स्वित्झर्लंडमध्ये गलगंड घरोघरी होता. काहींचा इतका मोठा की श्वासनलिका दाबली जायची, गिळता यायचं नाही, झोपेत जीव गुदमरायचा.

पण हे आयोडीनचं गणित तेव्हा पक्कं सुटलेलं नव्हतं. पेशंट गुदमरतोय आणि गाठ काढावी लागणार, एवढंच सर्जनच्या हातात होतं.

आणि ते ऑपरेशन म्हणजे मरणाला आमंत्रण. थायरॉईडला रक्ताचा पुरवठा प्रचंड असतो. शेजारून आवाजाची नस जाते, मागे श्वासनलिका. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अशा ऑपरेशननंतर शंभरातले चाळीसेक पेशंट दगावायचे. रक्तस्राव तरी व्हायचा, नाहीतर जखमेत पू. बड्या बड्या डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं की शहाण्या सर्जनने या भानगडीत पडूच नये.

कोखर पडले. त्यांची पद्धत साधी होती, पण ती पाळायला खूप संयम लागायचा. हत्यारं, हात, जखम, सगळं निर्जंतुक ठेवायचं. घाई करायची नाही. एकेक रक्तवाहिनी आधी पकडायची, बांधायची आणि मगच कापायची. रक्तवाहिनी पकडायला त्यांनी जो चिमटा वापरात आणला तो आजही कोखर फोर्सेप्स या नावाने ऑपरेशन थिएटरमध्ये मागितला जातो. निखळलेला खांदा जागेवर बसवायची एक पद्धतही त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

याचा परिणाम असा झाला की मृत्यूचं प्रमाण वर्षागणिक खाली येत गेलं आणि 1898 पर्यंत ते एक टक्क्याच्याही खाली गेलं. जगभरातून सर्जन बर्नला शिकायला येऊ लागले. मेंदूच्या सर्जरीचा पाया घालणारे अमेरिकेचे हार्वे कुशिंग हे त्यातलेच एक.

इथपर्यंत ही एका यशस्वी डॉक्टरची गोष्ट आहे. पण खरी गोष्ट या यशाच्या पोटात दडली होती.

1874 मध्ये कोखर यांनी मारिया नावाच्या 11 वर्षांच्या मुलीचं ऑपरेशन केलं. गलगंड पूर्ण काढला, म्हणजे अख्खी थायरॉईड ग्रंथीच काढली. जखम मस्त भरली, पोरगी घरी गेली. काही काळाने तिला पाठवणाऱ्या डॉक्टरने कळवलं की मुलगी बदललीये. पूर्वी चुणचुणीत होती, आता सुस्त आणि मंद झालीये. कोखर यांच्या डोक्यात या गोष्टीची तेव्हा फारशी नोंद झाली नाही. ऑपरेशन तर यशस्वी झालं होतं.

मध्ये आठ वर्षं गेली.

1882 च्या सप्टेंबरमध्ये जिनिव्हाला एका परिषदेत त्यांची गाठ झाक-लुई रेव्हरदाँ या सर्जनशी पडली. रेव्हरदाँही गलगंडाची ऑपरेशनं करायचे. त्यांनी सांगितलं की पूर्ण ग्रंथी काढलेल्या आपल्या काही पेशंटमध्ये नंतर विचित्र बदल दिसतायत. कोखर यांना मारिया आठवली.

त्यांनी मग आपल्या जुन्या पेशंटना पत्रं पाठवून परत तपासणीला बोलावलं.

ज्यांची पूर्ण ग्रंथी काढली होती त्यातले 18 जण तपासायला मिळाले. त्यातल्या 16 जणांची अवस्था वाईट होती. चेहरे सुजलेले, कातडी कोरडी आणि जाड, केस गळलेले, सतत थंडी वाजणारी, बोलणं संथ, विचार त्याहून संथ. लहानपणी ऑपरेशन झालेल्यांची वाढच थांबली होती. मारियाची धाकटी बहीण तिच्याहून खूप उंच झाली होती आणि मारिया अजून लहान मुलीएवढीच होती. आधी याच दोघी बहिणी एकमेकींसारख्या दिसायच्या.

आणि जे दोघे ठीक होते, त्यांच्या गळ्यात थायरॉईडचा थोडासा भाग राहून पुन्हा वाढला होता.

विचार करा, ज्या ऑपरेशनसाठी जग तुमचं कौतुक करतंय, त्यानेच माणसं आतून विझत चालली आहेत हे तुम्हाला कळलंय. ही माणसं मेली नव्हती, त्यामुळे मृत्यूच्या आकडेवारीत ती कुठेच दिसत नव्हती. गप्प बसले असते तर कोखर यांना कुणी विचारलंही नसतं.

पण एप्रिल 1883 मध्ये बर्लिनला जर्मन सर्जन्सच्या परिषदेत उभं राहून त्यांनी हे सगळं मांडलं. आपले पेशंट, आपले आकडे, आपल्या ऑपरेशनचा परिणाम. आणि तिथून पुढे एक नियम घालून घेतला. साध्या गलगंडासाठी अख्खी ग्रंथी काढायची नाही, थोडा भाग मागे ठेवायचाच. पूर्ण ग्रंथी काढायची ती कॅन्सरसारख्या कारणासाठीच.

यात एक विचित्र गोष्ट पुढे अमेरिकन सर्जन विल्यम हॉल्स्टेड यांच्या लक्षात आली. व्हिएन्नाच्या बिलरोथ यांच्या पेशंटना हा त्रास फारसा व्हायचा नाही. त्यांना वेगळाच त्रास व्हायचा, हातापायाला पेटके यायचे. बिलरोथ झपाट्याने काम करायचे, त्यामुळे थायरॉईडचे तुकडे मागे राहायचे, पण मागच्या बाजूच्या इवल्याशा पॅराथायरॉईड ग्रंथींना धक्का लागायचा. याच ग्रंथी रक्तातलं कॅल्शियम सांभाळतात. कोखर मात्र इतके सफाईदार होते की पॅराथायरॉईड वाचायच्या आणि थायरॉईडचा कणही मागे राहायचा नाही. म्हणजे त्यांच्या पेशंटना नडली ती त्यांची सफाई.

कोखर यांना सगळंच बरोबर कळलं होतं असंही नाही. श्वासनलिकेला इजा होऊन हवा कमी मिळत असेल म्हणून असं होतंय, असा त्यांचा आधी अंदाज होता. तो चुकला. ग्रंथीच नसल्यामुळे हे होतंय हे लंडनच्या फेलिक्स सीमॉन यांनी त्याच वर्षी सुचवलं, आणि पुढे चौकशी समितीने 1888 मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलं. हा शोध आधी कुणाला लागला यावरून रेव्हरदाँ आणि कोखर यांच्यात श्रेयाचा वादही झाला.

पण धागा हाती लागला होता. कोखर यांनी 1883 मध्येच अशा पेशंटच्या शरीरात थायरॉईडचा तुकडा बसवून बघितला. फायदा टिकला नाही, पण अवयव प्रत्यारोपणाच्या इतिहासात हा प्रयोग पहिल्या काही प्रयोगांत धरला जातो. 1891 मध्ये इंग्लंडच्या जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या थायरॉईडचा अर्क टोचून एका पेशंटला बरं केलं. आज आपल्या घरातली ती पांढरी गोळी याच रस्त्याने आलीये.

1909 मध्ये कोखर यांना नोबेल मिळालं. हा मान मिळवणारे ते पहिले सर्जन. तोपर्यंत हजारो थायरॉईड ऑपरेशनं त्यांच्या नावावर होती. जुलै 1917 मध्ये, पंचाहत्तरीतही, एका इमर्जन्सी ऑपरेशनसाठी ते हॉस्पिटलमध्ये गेले. ऑपरेशन केलं, पण त्यानंतर बरं वाटेना म्हणून अंथरुणाला खिळले. 27 जुलैला त्यांचं निधन झालं.

त्यांच्या देशातला गलगंड मात्र सर्जरीने नाही, मिठाने संपवला. 1922 पासून तिथे आयोडीनयुक्त मीठ विकायला सुरुवात झाली. आपल्याकडे 1956 पासून हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात डॉ. व्ही. रामलिंगस्वामी यांनी हाच प्रयोग करून दाखवला आणि 1962 मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. मिठाच्या पुडीवर आयोडीनयुक्त असं लिहिलेलं असतं ते उगीच नाही.

आता मुद्द्याचं. हे सगळं आज आपल्याला कशाला माहीत पाहिजे?

कारण गळ्याला गाठ लागली की आपल्याकडे दोनच प्रतिक्रिया असतात. एकतर थेट कॅन्सर समजून रडारड, नाहीतर वर्षानुवर्षं लेप लावत बसणं. खरं तर थायरॉईडच्या बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात. पण गाठ झपाट्याने वाढत असेल, कडक लागत असेल, आवाज बसलाय आणि सुटत नाहीये, गिळायला किंवा श्वासाला त्रास होतोय, गळ्याच्या बाजूलाही गाठी लागतायत, लहानपणी मानेला रेडिएशन दिलं गेलंय किंवा घरात कुणाला थायरॉईडचा कॅन्सर झालाय, तर थांबायचं नाही. सोनोग्राफी आणि गरज पडली तर बारीक सुईने केलेली तपासणी, यातून बरंच चित्र स्पष्ट होतं. सुईने कॅन्सर पसरतो ही भीती बाळगून तपासणी टाळू नका. आणि थायरॉईडचा सर्वात जास्त आढळणारा कॅन्सर वेळेत उपचार झाले तर बहुतेकदा पूर्ण बरा होतो.

दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची. दक्षिण कोरियात काहीही त्रास नसलेल्या लोकांच्या गळ्याची सोनोग्राफी सर्रास सुरू झाली. 1993 ते 2011 या काळात तिथे थायरॉईड कॅन्सरचं निदान 15 पट वाढलं, पण त्याने होणारे मृत्यू होते तेवढेच राहिले. म्हणजे आयुष्यभर कधी त्रास दिला नसता अशा बारीक गाठींसाठी हजारोंच्या ग्रंथी काढल्या गेल्या. ज्यांची अख्खी ग्रंथी गेली, त्यांच्या मागे रोजची गोळी लागली.

म्हणून डॉक्टरने ऑपरेशन सांगितलं तर दोन प्रश्न जरूर विचारा. पूर्ण ग्रंथी काढणार की अर्धी, आणि का? ऑपरेशननंतर हार्मोन आणि कॅल्शियमची तपासणी कधी करायची? सेकंड ओपिनियन घ्यायलाही लाजू नका.

आणि ऑपरेशन झालं, टाके निघाले, म्हणजे विषय संपला असं समजून फॉलोअप बुडवू नका. कोखर यांचे पेशंटही टाके निघाले तेव्हा ठणठणीतच होते. त्यांचं काय झालं हे कळलं, कारण डॉक्टरने त्यांना परत बोलावलं.