कर्मवीर भाऊराव पाटील

२२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज (जि. कोल्हापूर) येथील जैन कुटुंबात जन्मलेले भाऊराव पायगोंडा पाटील मॅट्रिकही झाले नाहीत. अस्पृश्यांच्या वसतिगृहाच्या समारंभास जाऊन आल्यावर स्नान करण्यास नकार दिल्याने त्यांना कोल्हापूरचे जैन बोर्डिंग सोडावे लागले. आपल्याच समाजातील ही आठवण लपविण्याचे कारण नाही.

पुढे त्यांनी साताऱ्यात शिकवण्या केल्या. ओगल्यांचे कंदील व किर्लोस्करांचे नांगर विकत ते गावोगाव हिंडले. नांगर घेणाऱ्या कुणब्याच्या घरी अक्षरओळख नसे. ते दैन्य या फिरतीत नित्य दृष्टीस पडे. विक्रेत्याच्या त्या पायपिटीतच त्यांना जीवितकार्य गवसले. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी काले (ता. कराड) येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह निघाले व १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्यास छत्रपती शाहूंचे नाव लाभले. मुलांच्या जेवणासाठी धान्य उरले नाही, तेव्हा पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने आणि अखेर मंगळसूत्रही काढून दिले. जैन घरातील ही माउली सर्व जातींच्या मुलांना एका पंक्तीस वाढीत असे. १९३० मध्ये त्या निवर्तल्या.

१९५९ मध्ये भाऊरावांना पद्मभूषण मिळाले; त्याच वर्षी ९ मे रोजी त्यांचे देहावसान झाले.