वेरूळचा चित्रकार गंगाराम तांबट

खेडेगांवच्या एखाद्या जुन्या चर्चचें बारीक रेषांनीं काढिलेलें चित्र पाहिलें कीं आम्हांस गंगाराम चिंतामण नवगिरे याची आठवण होते. हा पुण्याच्या तांबट घराण्यांतला. १७९० सालीं यानें पेशव्यांच्या शिकारखान्यांतील गेंडा चितारिला होता. सवाई माधवरावांच्या दरबारांतील इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट यानें त्याचा हात ओळखिला व १७९३ च्या सुमारास त्यास वेरूळचीं लेणीं काढण्यास लाविलें.

तेथील विश्वकर्मा लेण्यांत शिरून पाहावें : दोहों बाजूंस खांबांच्या ओळी, वर लांकडी वाशांसारख्या कोरलेल्या दगडी कमानी, शेवट अर्धगोल; जणूं जुन्या चर्चचाच अंतर्भाग! असल्या अंधाऱ्या कातळांतील कोरीव काम कागदावर उतरविणें किती जिकिरीचें! छायाचित्रणाचा शोध लागावयाचा होता. रेघ चुकली तर दूरच्या वाचकांपुढें लेणेंच चुकीचें जावयाचें. स्कॉच चित्रकार जेम्स वेल्स याच्या हाताखालींहि त्यानें काम केलें.

मॅलेटचा वेरूळवरील लेख कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीनें गंगारामाच्या चित्रांसह छापिला. त्याचीं बरींच मूळ चित्रें आज अमेरिकेंतील येल विद्यापीठांत आहेत. आम्हीं पाहिल्या त्या प्रतीच. मुळांतली रेघ पाहावयाची तर खुद्द पुणेंकरासहि समुद्रापलीकडे जावें लागतें.