लंडनची उमेदवारी

उमेदवारी हा शब्द आजकाल निवडणुकीच्या दिवसांतच कानी पडतो. परंतु गॅरेजात, छापखान्यात किंवा शिंप्याच्या दुकानात तुटपुंज्या पैशांवर राहून काम शिकणाऱ्या पोराला आमच्याकडची जुनी माणसे अजूनही उमेदवार म्हणतात. शहरात याच गोष्टीला इंटर्नशिप म्हणतात. नाव बदलले तरी मर्म तेच. पुस्तकात जे मिळत नाही, ते जाणत्याच्या शेजारी उभे राहून डोळ्यांनी आणि हातांनी मिळवायचे. अशीच एक उमेदवारी करण्यासाठी बेचाळिशीला टेकलेला एक मराठी गृहस्थ १९१२ साली समुद्र ओलांडून लंडनला गेला होता. भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून आपण ज्यांना ओळखतो, ते धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके.

फाळक्यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. घराणे शास्त्री-पंडितांचे. वडील संस्कृतचे व्यासंगी. १८८५ मध्ये धुंडिराजांनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत प्रवेश घेतला आणि पुढे बडोद्याच्या कलाभवनात चित्रकला, मूर्तिकाम, छायाचित्रण अशा अनेक विद्या आत्मसात केल्या. गोध्र्याला त्यांनी छायाचित्रणाचा व्यवसाय थाटला. तेथे प्लेगने त्यांची पत्नी आणि मूल हिरावून नेले. १९०३ साली त्यांना पुरातत्त्व खात्यात नोकरी लागली, पण स्वदेशीच्या वाऱ्यात तीही सुटली. मग त्यांनी मुद्रणाचा उद्योग काढला. रंगीत छपाईची यंत्रे आणण्यासाठी १९०९ मध्ये ते जर्मनीलाही जाऊन आले. परंतु भागीदारांशी पटेना आणि नावारूपाला आलेला छापखाना सोडून ते रिकाम्या हातांनी बाहेर पडले.

अशा पडत्या काळात, १९११ च्या ईस्टरच्या सुमारास, गिरगावात त्यांनी ख्रिस्ताच्या चरित्रावरील चित्रपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्ताची लीला सरकत होती आणि फाळक्यांच्या मनात राम-कृष्ण उभे राहत होते. त्या दिवसापासून त्यांना दुसरे काही सुचेना. मिळतील तेवढे चित्रपट पाहावेत, फिल्मचे तुकडे आणावेत, त्यावरची चित्रे भिंगातून निरखावीत आणि रात्र जागवावी, असा क्रम सुरू झाला. या अतिश्रमाने त्यांची दृष्टी काही काळ अधू झाली. उपचारांनी ती परत आली, आणि ते पुन्हा त्याच कामाला लागले.

तथापि एक गोष्ट त्यांना कळून चुकली की घरी बसून ही विद्या पुरी होणार नाही. चित्रे हलतात कशी हे पुस्तकातून समजते. पण कोऱ्या फिल्मला अंधारात भोके कशी पाडावीत, कॅमेऱ्याचा दांडा एका लयीत कसा फिरवावा, उलटी प्रत धुऊन तिच्यावरून सुलटी प्रत कशी काढावी, हे जिथे रोज घडते तिथे जाऊनच पाहायला हवे होते. त्यांनी विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून पैसे उभे केले आणि १ फेब्रुवारी १९१२ रोजी बोट पकडली.

येथे मला थोडे थांबावेसे वाटते. आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. वडील बाजार समितीत हमाली करतात. आमच्या गल्लीतला एक मुलगा कर्ज काढून जर्मनीत संगणकशास्त्र शिकायला गेला आहे. तेथे शिक्षणाबरोबर उमेदवारी मिळावी म्हणून त्याने कितीतरी कंपन्यांकडे अर्ज धाडले. बहुतेकांकडून नकारसुद्धा आला नाही. त्याची आई आमच्या ओट्यावर बसून एकच प्रश्न विचारते, की तिकडे आपले आहे कोण. हा प्रश्न तिच्या एकटीचा नाही. ज्यांच्या घरात आधी कोणी शिकलेले नाही, अशा आपणा सर्वांचा तो आहे. म्हणून फाळक्यांचे चरित्र वाचताना मी त्याचेच उत्तर शोधत होते. लंडनमध्ये फाळक्यांचे तरी कोण होते?

होते ते फक्त एक साप्ताहिक. बायोस्कोप नावाचे चित्रपटविषयक पत्र ते मुंबईत वर्गणी भरून वाचत असत. लंडनमध्ये हिंडताना त्याच पत्राच्या कार्यालयाची पाटी त्यांना दिसली आणि ते सरळ आत शिरले. संपादक कॅबर्न यांना त्यांनी आपला मनसुबा सांगितला. कॅबर्न यांनी प्रथम त्यांना परावृत्तच केले. इंग्लंडातल्या निर्मात्यांची दैना आणि हिंदुस्थानचे हवामान यांची त्यांनी जाणीव करून दिली. परंतु समोरचा माणूस हौशी नाही, विषयाचा अभ्यास करून आला आहे, हे ओळखल्यावर त्यांनीच फाळक्यांची गाठ सेसिल हेपवर्थ या नामवंत निर्मात्याशी घालून दिली. हेपवर्थ यांचा स्टुडिओ लंडनजवळ वॉल्टन येथे होता. त्यांनी कोणतीही गोष्ट झाकून न ठेवता सर्व विभाग दाखवले आणि चमत्कृतिदृश्यांच्या युक्त्याही समजावून दिल्या. या दोघांच्या सल्ल्यानेच फाळक्यांनी विल्यम्सन कॅमेरा घेतला. १ एप्रिल १९१२ रोजी ते मुंबईत परतले. जाण्यायेण्याचा समुद्रप्रवास वजा केला तर प्रत्यक्ष शिक्षणाला मिळाले ते मोजके दिवस. पण त्यामागे जे. जे., कलाभवन, छायाचित्रण आणि छापखाना अशी पाव शतकाची तयारी होती. म्हणून ते दिवस पुरले.

परतल्यावरही पैशाचा प्रश्न होताच. कर्ज देणाऱ्यांचा विश्वास बसावा म्हणून त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि कोंब फुटून वेल वाढेपर्यंत ठरावीक अंतराने त्याची एकेक चौकट टिपली. ‘अंकुराची वाढ’ हा तो चिमुकला चित्रपट. त्यावर भांडवल मिळाले, तरी ते पुरले नाही. तेव्हा पत्नी सरस्वतीबाईंनी अंगावरचे दागिने काढून दिले. दागिने देऊन त्या थांबल्या नाहीत. फिल्मला भोके पाडणे, रसायने कालवणे, चित्रणाच्या वेळी पांढरी चादर धरून उभे राहणे आणि सगळ्या मंडळींचा स्वयंपाक, हे सारे त्यांनी केले. नवऱ्याने लंडनला जाऊन जे शिकून आणले, ते ही बाई दादरच्या घरात शिकली. तिची उमेदवारी मात्र कोणी मोजली नाही.

२१ एप्रिल १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ ऑलिंपिया थिएटरमध्ये निमंत्रितांना दाखवला गेला आणि ३ मे रोजी कॉरोनेशनमध्ये लोकांसाठी लागला. तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री मिळाली नाही, म्हणून उपाहारगृहातला साळुंके नावाचा आचारी तारामती झाला. याच्या वर्षभर आधी दादासाहेब तोरणे यांचा ‘पुंडलीक’ येऊन गेला होता, हेही सांगितले पाहिजे. पण त्याचा छायाचित्रकार इंग्रज होता आणि फिल्म धुण्याचे काम लंडनमध्ये झाले. फाळक्यांनी आरंभापासून शेवटपर्यंतचे सर्व काम येथे, आपल्या माणसांकडून करवून घेतले. त्यांचे मोठेपण मला यात अधिक दिसते.

१९१४ मध्ये आपले तीन चित्रपट घेऊन ते पुन्हा लंडनला गेले, तेव्हा तेथील जाणकारांनी त्यांच्या तंत्राची वाखाणणी केली. तिकडेच राहून चित्रपट काढण्याची बोलणीही झाली. पण ती नाकारून ते परत आले. पुढे १९१७ चा ‘लंकादहन’, १९१८ चा ‘श्रीकृष्णजन्म’ यांनी लोकांना वेड लावले. चित्रपट कसा तयार होतो हे दाखवणारा एक चित्रपटही त्यांनी काढला. हेपवर्थनी त्यांच्यापासून विद्या झाकली नाही, तशी त्यांनी ती आपल्या लोकांपासून झाकली नाही.

शेवट मात्र सुखाचा नाही. बोलपट आले आणि काळ पुढे गेला. १९३७ चा ‘गंगावतरण’ हा त्यांचा अखेरचा चित्रपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला ते निवर्तले, तेव्हा चित्रपटसृष्टीला त्यांचा जवळजवळ विसर पडला होता. त्यांच्या नावाचा पुरस्कार १९६९ साली सुरू झाला.

विद्यार्थिमित्रहो, जिद्द असली की सारे मिळते, असे म्हणून हा लेख संपवणे सोपे आहे. पण ते खरे होणार नाही. फाळक्यांच्या घरात विद्या होती, गहाण ठेवायला पॉलिसी होती, आणि त्या काळी आजच्यासारखी व्हिसाची कटकट नव्हती. आपल्यापैकी अनेकांकडे यातले काहीच नाही. तरी दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. ज्या विषयात शिरायचे त्याचे वाचन आधीपासून नेमाने करावे, म्हणजे परक्या गावातही एखादी पाटी ओळखीची निघते. आणि आपल्याला दार उघडले गेले, तर मागून येणाऱ्यासाठी ते उघडे ठेवावे. तिकडे आपले कोण, या प्रश्नाचे उत्तर पुढच्या मुलांसाठी आपणच झालो, तर शेजारच्या ओट्यावर तो प्रश्न निदान थोडा कमी विचारला जाईल.